सहा पाकळ्यांची भेंडी

मुलं चित्र काढायला बसली की आमच्या बाई दोन्ही हात पाठीमागं न्यायच्या आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरायच्या. पोलिसांनी धरून नेलेला माणूस चालतो तशा खोलीभर फिरायच्या. नवीन कुणी आलं की मला हळूच विचारायचं, "बाईंच्या पाठीत उसण भरली काय?" मी सांगायचे, "व्हय. कायमची."

खरं कारण वेगळं होतं. समोर मूल म्हैस काढत असतं, म्हशीला तीनच पाय झालेले असतात आणि आपला हात शिवशिवतो. तुमचाही शिवशिवला असता. बाईंचाही शिवशिवायचा, म्हणून त्या त्याला धरून ठेवायच्या. "अक्का," त्या मला म्हणायच्या, "माझा हात एकदा मधी गेला की दुसऱ्या दिवशीपासनं पोरगं माझंच बघून काढतंय. मग चौदा पोरं कशाला पायजेत? मी एकटीच बसते की काढत."

मी त्या अंगणवाडीत मदतनीस होते. शिक्षण चौथी. मुलांना घरून गोळा करून आणायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, कुणी चड्डीत केलं तर धुवायचं, हे माझं काम. शिकवायचं काम बाईंचं. आमचं गाव उमरग्याच्या अलीकडं, हायवे सोडून आत. निम्मं गाव घरात कन्नड बोलतं, त्यामुळं वयानं मोठी म्हणून मी सगळ्यांची अक्का. बाई याच गावच्या सून. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. वर्गात पोरांबरोबर जमिनीवर लोळण घेतील, पण रस्त्यात वडीलधारं माणूस दिसलं की पदर डोक्यावर आणि नजर खाली. एकाच बाईत दोन बाया कशा मावायच्या ते मला कधी कळलं नाही.

अंगणवाडी म्हणजे एक खोली. उन्हाळ्यात बाहेर पोरं भाजून निघतात, पावसात अंगणात चिखल. म्हणून जे काय करायचं ते आत, सतरंजीवर. वरून खडूंची पेटी यायची, ती महिनाभरात पोरं निम्मी वापरायची आणि निम्मी खायची. मग बाई आपली दुकानदारी मांडायच्या. हळदीचा पिवळा, बिटाचा लाल, कपड्याच्या निळीचा निळा. काळ्यासाठी चुलीवरच्या भांड्याच्या बुडाची काजळी, त्यात बाभळीचा डिंक खलून. कागद म्हणजे जुने पेपर, नाहीतर दुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे. दोरा रंगात बुडवून घडी घातलेल्या कागदात ठेवायचा आणि सर्रकन ओढायचा, की आत आपोआप काहीतरी उमटतं. ते मला मोरासारखं दिसायचं. पोरांना कधी पाल दिसायची, कधी आजोबांची मिशी.

उमरग्याच्या बाजारात बाई भाजी घ्यायला लागल्या की मी चार पावलं लांब उभी राहायचे. बाकीच्या बाया भेंडीचं टोक मोडून कोवळी आहे का बघतात. बाई भेंडी मधोमध मोडायच्या आणि मोडलेली बाजू तळहातावर दाबून फूल उठतं का बघायच्या.

भाजीवाली म्हणायची, "बाई, कालवण करायचं का गोंदून घ्यायचं?"

"जून हाय का? राठ झालेली? कुणी घेत न्हाय ती दे."

भाजीवालीनं असलं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नव्हतं. पुढं पुढं ती बाईंसाठी सगळी मेलेली भाजी बाजूला काढून ठेवायला लागली. बाई पिशवी भरून आणायच्या, जणू काही वाण मिळालंय. भेंडीचं फूल, दोडक्याच्या फोडीची चांदणी, कोबीच्या बुडाचा गुलाब. रंगात बुडवायचं, दाबायचं, उचलायचं. तीन वर्षांच्या पोराला एवढं जमतं.

याच प्रकारात एकदा माझी फजिती झाली. बाईंनी बटाटे अर्धे कापून त्यावर चांदण्या कोरल्या होत्या. पोरांनी ते निळीत बुडवून दिवसभर ठोकले. दुसऱ्या दिवशी मला टोपलीत अर्धे बटाटे दिसले. मला वाटलं, कुणीतरी कापून ठेवून विसरलं. धुतले, चिरले, खिचडीत टाकले. हळदीची पिवळी खिचडी बघता बघता हिरवी व्हायला लागली. मी ढवळते आहे आणि ती आणखी हिरवी. बाई आल्या, हात पाठीमागं, पातेल्यात वाकून बघितलं.

"रंग चांगला जमलाय, अक्का," म्हणाल्या. "पण सांडून द्या."

मी ती बाहेर शेळीपुढं टाकली. शेळीनं वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी परत तिच्या वाटेला गेले नाही.

लग्नसराईत बाई गावभर फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या. पोरांनी त्यातला सोनेरी, लाल, जांभळा कागद बोटांनी फाडायचा आणि खळ लावून चिकटवायचा. कात्री नाही. "फाडू द्या," म्हणायच्या, "घरी कुणी फाडू देतंय व्हय त्यास्नी?" अडचण एकच, प्रत्येक पत्रिकेवर गणपती. तो पोरांना फाडायला कसा द्यायचा? मग वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सगळे गणपती कापून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. दोन वर्षांत डबा गच्च. फेकायची छाती नाही, ठेवायला जागा नाही. शेवटी आम्ही दोघी डबा घेऊन गावच्या तळ्यावर गेलो. बाईंनी हात जोडले. मी डबा उलटा केला आणि म्हणाले, "जावा बाबा सगळे मिळून. मोदक काय मिळाले न्हाईत, रागावू नका."

तपासणीला मॅडम यायच्या. एकदा मॅडम येणार म्हणून आदल्या दिवशी पोरांनी आंबे काढले. कुणाचा वांग्यासारखा, कुणाचा चपलेसारखा. मला वाटलं, मॅडम काय म्हणतील? सकाळी लवकर येऊन मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक आंब्याला छान देठ आणि एक पान काढून दिलं. चौथीत माझं चित्र चांगलं होतं. बाई आल्या, दारातूनच भिंतीकडं बघितलं.

"अक्का, चौदा घरचे चौदा आंबे एकाच फांदीला कसे काय लागले?"

मी खोडरबर काढायला लागले तर म्हणाल्या, "खोडायचं न्हाय." हे त्यांचं नेहमीचं. वर्गात एकही खोडरबर त्यांनी ठेवलं नव्हतं, माझं मी घरून आणलेलं होतं. "झालं ते झालं. बघू द्या मॅडमला, आमच्याकडं म्हातारी पण चित्र काढती." आणि मॅडमला त्यांनी खरंच तसं सांगितलं. मॅडमनी माझे देठ तेवढे चांगले म्हटले. एका पोरानं निळी म्हैस काढली होती. मॅडमनी विचारलं, "म्हैस निळी असते का?" पोरगं म्हणालं, "गारठलीया." बाईंनी पाठीमागचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. हसू आवरायला.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यानंच पुढं माझा जीव टांगणीला लागला. कागद नेहमी कमी पडायचा. पोरं कुरकुरायची. मग बाई म्हणायच्या, "कागद संपला म्हणून चित्र संपतंय व्हय? कागद संपला तर भिंत हाय, भिंत संपली तर गाव हाय." मोठ्या माणसाला कळतं की हे बोलायचं म्हणून बोललंय. चार वर्षांच्या पोरीला ते कळत नाही.

ती पोरगी म्हणजे चिमी, गावातल्या किराणा दुकानाच्या अण्णांची नात. पांढरा सदरा, पांढरं धोतर घालणारे, गावात वजन असलेले अण्णा. चिमी बोलायची कमी आणि ठोकायची जास्त. एके दिवशी बाईंना भेंडीत एक वेगळी भेंडी सापडली. भेंडीत आत बहुतेक वेळा पाचच कप्पे दिसतात, हिच्यात सहा. बाईंना कोण आनंद. "अक्का, बघा, सहा पाकळ्या." मी म्हणाले, "सहा असू द्या न्हायतर पाच, कालवणात सारखंच लागतंय." बाईंनी ती ओल्या फडक्यात जपून ठेवली आणि त्या दिवशी सगळ्यात शांत बसली म्हणून चिमीला दिली. चिमीनं सगळा कागद फुलांनी भरला. मग कागद संपला. बाईंनी आपलं वाक्य म्हटलं. चिमीनं भेंडी फडक्यात गुंडाळून घरी नेली. जाताना डबीतून थोडी काजळीही नेली, ते आम्हाला मागाहून कळलं.

दोन दिवसांनी गावात बोंब झाली की अण्णांच्या घरात फुल्या उठल्यात.

तुम्ही लांबचे असाल तर सांगते. आमच्या भागात कपड्यावर, भिंतीवर, अंगावर आपोआप काळ्या फुल्या दिसल्या की लोक भानामती म्हणतात. म्हणजे कुणीतरी करणी केली. आणि कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा एकटी राहणारी, तोंडानं फटकळ, नवरा मेलेली म्हातारी. अशी गावात कोण आहे, हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. त्यात आठ दिवसांपूर्वी मी घरोघरी फिरून काजळी मागितली होती. आता सगळ्यांकडं गॅस आहे, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला. त्यामुळं मोजक्याच घरी हंड्याच्या बुडाला काजळी. अण्णांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं विचारलं होतं, "काय करायलीस काजळीचं?" मला घाई होती. मी म्हणाले, "तोंडाला फासते तुझ्या." आता ते तिला आठवलं.

पहिला दिवस मला बरा गेला, खोटं कशाला सांगू. नळावर बायांनी मला वाट करून दिली. पिठाच्या गिरणीत माझं दळण सगळ्यांच्या आधी. माझ्याशी कायम भांडणारी शेजारीण "अक्का, चहा घ्या" म्हणाली. मला वाटलं, हे आधीच का नाही झालं?

दुसऱ्या दिवशी दारात कापलेलं लिंबू आणि टाचण्या. पत्र्यावर दगड आला. मुलांना आणायला गेले तर दोन घरांनी दार उघडलं नाही. अण्णांनी सीमेपलीकडून उतारा करणारा एक बाबा बोलावला होता, तो तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. बाबा कुणाचं नाव घेणार हे गावाला आधीच माहीत होतं. पूर्वी असल्या म्हाताऱ्यांचे दात पाडायचे, म्हणजे मंत्र म्हणता येत नाही. माझे निम्मे आधीच पडलेत, म्हणून मी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही.

अंगणवाडीत आले आणि बाईंना सांगितलं. बाईंनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"फुल्या किती उंचीवर हैत?"

"म्या कशाला मोजू? मला घरात कोण घेतंय?"

गावाच्या ग्रुपवर फोटो फिरत होते. बाईंनी मोबाइल काढला. एक चादर, एक कोठीचा खालचा भाग, दोरीवरच्या लुगड्याचा लोंबता काठ, अण्णांच्या वाळत घातलेल्या धोतराचं टोक. सगळं कमरेच्या खाली. बाई बोटांनी फोटो मोठा करत गेल्या आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. गावात शंभर माणसांनी तो फोटो बघितला होता, घाबरले होते, पुढं पाठवला होता. पाकळ्या मोजल्या फक्त बाईंनी.

"सहा," म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी म्हणाले, "चला मग. आत्ता जाऊन सांगू."

बाई उठल्या नाहीत. "अण्णा पोरीला जित्ती सोडायचे न्हाईत, अक्का. गावात हसं झालं म्हणून मारतील. आणि हितनं काढतील. मग बाकीचे पण काढतील, म्हणतील हितं पोरांस्नी भानामती शिकिवत्यात."

"पोरीला चार चापट्या बसतील. माझे दात पडतील. बघा तुमीच, काय जड हाय ते."

बाई म्हणाल्या, "मला आजचा दिवस द्या."

मी दिला नाही, त्यांनी घेतला. त्या दिवशी मी घरी गेले, दाराला आतून कडी लावली, उखळातलं मुसळ उशाला घेतलं. माझ्या जागी असता तर तुम्हीही त्या दिवसाबद्दल बाईंना माफ केलं नसतं. मी अजून केलेलं नाही. एवढी कळणारी बाई, आणि एक दिवस तिला तराजू धरून बसावं लागलं.

सकाळी दहाच्या सुमाराला बाई माझ्या दारात. मागं सगळी पोरं, एकमेकांचे सदरे धरून आगगाडी केलेली. प्रत्येकाच्या हातात मोडलेली भेंडी.

"काजळीची डबी घ्या, अक्का. आज वर्ग अण्णांच्या घरी."

अण्णांच्या ओसरीवर ही गर्दी. मध्ये बाबा, पुढ्यात लिंबं, नारळ, राखेचं ताट. मी दिसले तशी गर्दी मागं सरली. एकानं माझ्या वाटेतली चप्पल उचलून घेतली. चपलेचीही काळजी.

अण्णा ओरडले, "बाई, पोरं कशाला आणली? हितं काय जत्रा हाय?"

बाईंचा पदर डोक्यावर, नजर जमिनीवर. "घराला फुलं पडल्यात म्हणं, मामंजी. पोरांस्नी दावायला आणलंय." नात्यानं अण्णा बाईंचे चुलत सासरे लागायचे.

बाईंनी जुने पेपर पसरले. पोरं बसली. चिमी आजीच्या मागून पळत आली आणि आपल्या जागेवर बसली, फ्रॉकच्या खिशातून फडकं काढलं, फडक्यातून भेंडी. डबीचं झाकण डिंकानं घट्ट बसलं होतं, माझ्यानं निघेना, ते बाईंनी उघडलं आणि त्यांची पाची बोटं काळी झाली. मग त्यांनी हात पाठीमागं घेतले.

"चला, उठवा फुलं."

पोरांनी ठोकायला सुरुवात केली. फुलामागून फूल. पाच पाकळ्या, पाच पाकळ्या, पाच पाकळ्या. चिमीची सहा. अण्णांच्या बायकोनं आधी पेपरकडं बघितलं, मग आत जाऊन ती चादर आणली आणि पेपरशेजारी धरली.

आता प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण बाबाला लांबून बोलावलं होतं, तो असा कसा मिटू देईल? त्यानं माझ्याकडं बोट केलं. "पोरांकडनं करवून घेती ती. काजळी तिची."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. ते पटण्यासारखं होतं. काजळी माझीच होती.

बाईंनी मान वर केली. इतक्या माणसांत ती सून पहिल्यांदा मान वर करून बोलली.

"काजळी म्या मागिवली. भेंडी म्या दिली. कागद संपला तर भिंत हाय, भिंत संपली तर गाव हाय, हे रोज म्या सांगते. अक्काला ठसा कसा उठतो ते पण ठावं न्हाय, ती बटाटे खिचडीत टाकती. दात पाडायचे तर माझे पाडा. माझे समदे शाबूत हैत, तुमचं काम पण हुईल."

तेवढ्यात चिमी उठली. चादरीजवळ गेली, तिच्यावर हात ठेवला आणि खुशीत म्हणाली, "बाई, माझी चादर बघितली का? उशी राह्यलीया अजून."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांचं तोंड लाल झालं. एवढा बाबा बोलावला, गाव गोळा केलं, आणि घरातली चार वर्षांची नात म्हणते उशी राहिलीय. ते पुढं झाले आणि त्यांचा हात वर गेला.

आणि बाईंचा हात पाठीमागून सुटला.

त्यांनी अण्णांचं मनगट हवेतच धरलं. सून, चुलत सासऱ्याचं. पदर डोक्यावरून खाली आला होता, तो सावरायला दुसरा हात मोकळा होता, पण बाईंनी सावरला नाही.

"मामंजी," हळू म्हणाल्या, "खोडायचं न्हाय."

बाईंनी हात सोडला. अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पाच काळी बोटं उमटली होती, चांगली ठसठशीत.

अण्णांच्या बायकोनं ती बाही बघितली, चादर बघितली, नातीकडं बघितलं. "घ्या," नवऱ्याला म्हणाली, "ही खरी भानामती. आता हिचा उतारा करा." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग सगळेच. बाबानं नारळ पिशवीत परत टाकला. लिंबं मात्र मी मागून घेतली. माझ्या दारात एक कापून टाकलं होतं, त्याची भरपाई.

गोष्टीत असतं तसं पुढं सगळं गोड झालं नाही. चिमीला त्या दिवशी मार बसला नाही, पण जूनमध्ये अण्णांनी तिला उमरग्याच्या इंग्रजी शाळेत घातलंच. पिवळी गाडी न्यायला यायची. चिमी गाडीच्या काचेला आतून नाक दाबून नाकाचा ठसा उठवायची. बाकीची पोरं राहिली. काही बाया अजूनही मी समोर दिसले की लेकरू या काखेतून त्या काखेत घेतात. घेऊ देत. गिरणीत माझा नंबर अजून पहिला असतो.

त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी बाई पोरांना घेऊन माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, आजचा कागद म्हणजे अक्काचं दार. "फुल्या कुठं हैत ते गावाला रोज दिसू दे. मग कुणी कुजबुजायचं न्हाय." मी नको म्हणत होते तोवर पोरं सुटली. काळ्या, निळ्या, पिवळ्या फुलांनी दार कमरेइतकं भरलं. चिमीही होती, तिची सहा पाकळ्यांची सगळ्यात खाली, कडीच्या बाजूला.

पोरं गेली. बाई रेंगाळल्या. टोपलीत एक भेंडी उरली होती. त्यांनी ती हातात घेतली, परत ठेवली, परत घेतली.

"अक्का, तो एक दिवस..."

"मला ठावं हाय," मी म्हणाले. "बोलू नका. मला राग येतोय."

त्यांनी भेंडी काजळीत खोल बुडवली आणि दारावर दाबली. इतक्या वर्षांत मी बाईंना रंगात बुडवून काही उठवताना बघितलं नव्हतं. सवय नाही, काजळी जास्त झाली. भेंडी उचलताना सरकली. फूल नाही, काही नाही, एक काळा ओघळ.

"बाई, फराटलं की."

"फराटलं," म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

अण्णांची बाही सोडली तर बाईंनी उठवलेला तो एवढाच ठसा.

मी वय झाल्यावर काम सोडलं. बाई करत राहिल्या. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात काहीतरी निघालं. आधी उमरगा, मग सोलापूर, मग घर. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर पडून होत्या, हात दोन्हीकडं मोकळे. ते मला बघवलं नाही, मी लवकर निघाले. पंधरा दिवसांत गेल्या. अंगणवाडीत आता नवीन बाई आहे. चांगली आहे. ती छापील चित्रं देते, पोरं त्यात रंग भरतात. रेषेच्या बाहेर गेलं की ती हात धरून आत आणते.

बाहेरगावी कामाला असलेला माझा मुलगा माझ्याकडं राहायला आला, त्यानं पुढचं दार लोखंडी बसवलं. जुनं दार टाकून द्यायचं नाही म्हणून त्यानं ते न्हाणीला लावलं, आतल्या बाजूला फुलं करून. त्यामुळं रोज सकाळी मी उघडी अंघोळीला बसते आणि समोर सगळी अंगणवाडी. पाणी उडून उडून फुलं निघत चाललीत. निळी गेली, पिवळी गेली, चिमीच्या फुलाच्या दोन पाकळ्या उरल्यात. बाईंचा तो काळा डाग तेवढा हलत नाही. काजळी फार लावली होती. मी एकदा दगडानं घासूनही बघितलं.